जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या बोल्टचा आटा कसा ओळखायचा

तुमचा प्रश्न असा की १९६४ च्या आसपासचा कब कॅडेट १०० हा अमेरिकन गार्डन ट्रॅक्टर घेतलाय, आधीच्या मालकानं तो अर्धा उघडून सगळे नटबोल्ट कॉफीच्या एकाच डब्यात टाकलेत, त्यातला एक बोल्ट तुम्हाला ८ एमएमचा वाटला म्हणून नवीन ८ चा आणून लावायला गेलात तर दोन-अडीच फेरे गेला आणि अडकला. आता थोडा जोर लावू का, की ८ चा टॅप (भोकात आटा कापायचं हत्यार) मारून घेऊ, असं विचारलंय.

दोन्ही करू नका. आहे तिथंच थांबा, उलटा फिरवून तो बोल्ट हळू बाहेर काढा. ते भोक ८ एमएमचं नाहीच, ५/१६ इंचाचं आहे, आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत अडीच सूत. जोर लावलात तर बोल्ट जाईल आत, पण तो तिथला आटा कापत जाईल, आणि बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो पण साठ वर्षांपूर्वीच्या कास्टिंगमधलं चांगलं भोक परत कुठं मिळत नाही. म्हणून मी एवढ्या कळकळीनं लिहितोय.

अडीच फेऱ्यांनीच का अडकला ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ५/१६ म्हणजे ७.९४ एमएम, म्हणजे जाडीला ८ च्या इतकं जवळ की डोळ्याला फरक कळतच नाही. पण ५/१६ च्या जाड्या आट्यात इंचाला १८ आटे असतात, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत १.४१ एमएम, आणि साध्या ८ एमएम बोल्टला ते अंतर १.२५ एमएम. दर आट्याला ०.१६ चा फरक पडत जातो, अडीच फेऱ्यांत तो ०.४ होतो म्हणजे पाव आट्याहून जास्त सरकला, मग बोल्टचं टोक भोकातल्या खाचेत बसायच्या ऐवजी कडेवर चढतं. पहिले दोन फेरे हातानं छान जातात म्हणून माणूस फसतो. त्यात डोक्याचा पानाही फसवतो, कारण ५/१६ च्या बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं म्हणजे १२.७ एमएम, त्यावर १३ चा पाना बसतो आणि फिरवताही येतो, मग आपली खात्रीच पटते की हा ८ चाच.

मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकलो, तेव्हा समोर तिन्ही प्रकारची यंत्रं यायची. लिस्टर पद्धतीच्या जुन्या डिझेल इंजिनांना व्हिटवर्थचे म्हणजे जुने ब्रिटिश आटे, महिंद्राच्या बी-२७५ ला अमेरिकन पद्धतीचे इंची आटे, आणि नवीन सगळं एमएम. एकदा बी-२७५ च्या एका कास्टिंगला अर्धा इंची बोल्ट लावायचा होता, मी त्या लिस्टर इंजिनाच्या डब्यातला अर्धा इंची उचलला, तीन फेरे गेला, मग जड लागला, तर मी पान्याला पाइप घालून दाबला. व्हिटवर्थच्या अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे आणि अमेरिकन अर्ध्या इंचाला १३. सगळा आटा चुऱ्यासारखा बाहेर आला. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, पण ते भोक मोठं करून, बुश दाबून, नव्यानं टॅप करायला आम्हाला अख्खा दिवस लागला आणि शेतकरी तोवर दारात बसून होता, पेरणीचे दिवस होते. ते अजून डोळ्यासमोर येतं. आता मी ओहायोत राहतो, गेली बरीच वर्षं जुने व्हील हॉर्स आणि कब कॅडेट ट्रॅक्टर जोडतोय, आणि हीच चूक मला इथल्या निम्म्या ट्रॅक्टरांच्या भोकांमध्ये दिसते.

तर पहिली गोष्ट, हातात व्हर्निअर (माप घ्यायची सरकती पट्टी) घ्यायच्या आधी यंत्र कुठं आणि कधी जन्मलं ते बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतं. कब कॅडेट १९६० साली इंटरनॅशनल हार्वेस्टरनं केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात सुरू केला आणि तुमच्या १०० वर विस्कॉन्सिनच्या कोहलर कंपनीचं के-२४१ हे १० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. म्हणजे ट्रॅक्टर आणि इंजिन दोन्ही इंचाचे, मूळ बोल्टांमध्ये एमएमचा प्रश्नच नाही. (हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर १९६३ साली महिंद्राबरोबर भारतात ट्रॅक्टरमध्ये उतरली आणि बी-२७५ हे तिचंच डिझाइन, म्हणून गावाकडं बी-२७५ वर हात काळे केलेल्या माणसाला कब कॅडेट उघडताना बोल्ट ओळखीचे वाटतात.) साउथ बेंडचा व्हील हॉर्स, हॉरिकॉनचा १९६३ चा जॉन डिअर ११०, सगळे तसेच. याउलट जपानी छोटे ट्रॅक्टर म्हणजे कुबोटा वगैरे पूर्ण एमएममध्ये. आणि इंजिन बदललेलं असेल तर मात्र सावध राहा, जुन्या अमेरिकन सांगाड्यावर होंडाचं इंजिन बसवलेलं असलं की वरचे बोल्ट एमएम आणि खालचे इंची, आणि सगळे एकाच डब्यात.

डब्यातले बोल्ट आधी डोक्यावरून वेगळे करा, याला मापच लागत नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर तो एमएमचा, म्हणजे नंतर कुणीतरी घुसडलेला. डोक्यावर मधून कडेकडं जाणाऱ्या रेघा असतील तर इंची, त्या रेघा बोल्टची ग्रेड म्हणजे मजबुती सांगतात, तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, आणि रेघाच नसतील तर बहुतेक ग्रेड २ म्हणजे मऊ. स्टिअरिंगला, चाकाला, मागच्या ट्रॉली ओढायच्या हुकाला बिनरेघांचा बोल्ट लावू नका. आणि उलटंही खरं आहे, बर्फ उडवायच्या यंत्राच्या स्क्रूला मुद्दाम मऊ बोल्ट दिलेला असतो, दगड अडकला की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून, तिथं ग्रेड ८ चा मजबूत बोल्ट घालून लोक गिअरबॉक्स फोडून घेतात.

मग साफसफाई. गंज आणि रंग चढलेल्या बोल्टचं माप घेऊ नका, ते खोटं येतं. वायर ब्रश मारा, रॉकेलसारख्या कशात तरी रात्रभर बुडवून ठेवा, खाचेतला रंग सुईनं काढा. हे कंटाळवाणं आहे पण साठ वर्षांत त्या ट्रॅक्टरला दोन-तीन वेळा रंग मारलेला असतो आणि रंगाचा थर बोल्टला सहज ०.२ एमएमनं जाड दाखवतो.

आता खरं माप. आटा ओळखायला दोन मापं लागतात, बाहेरची जाडी आणि दोन आट्यांतलं अंतर, यातलं एकच घेतलं तर अर्धवट उत्तर मिळतं. जाडी मोजताना लक्षात ठेवा की बोल्ट नावापेक्षा नेहमी थोडा बारीकच भरतो, तो तसाच बनवतात, झिजलाय असं समजू नका. जाड्या आट्याचा १/४ चा बोल्ट ६.१ ते ६.३ एमएम भरतो, ५/१६ चा ७.७ ते ७.९, ३/८ चा ९.३ ते ९.५, ७/१६ चा १०.८ ते ११.१, आणि अर्ध्याचा १२.४ ते १२.७. एमएमचे बोल्ट घेतले तर ६ चा सहाच्या जरा खाली, १० चा ९.७ ते १० च्या मधे, १२ चा ११.७ ते १२ च्या मधे. म्हणजे बघा, बाकी सगळे जाडीवरूनच वेगळे पडतात, फक्त ८ चा अडकतो, तो ७.८ ते ८ मधे भरतो आणि ५/१६ सुद्धा ७.८ भरू शकतो. तुम्ही नेमके त्याच जोडीत सापडलात.

आट्यांतलं अंतर मोजायला पिच गेज घ्या, इंचाचं वेगळं आणि एमएमचं वेगळं पान असलेलं. पान आट्यावर टेकवून उजेडाकडं धरायचं, मधून उजेड दिसायला नको. दोन-तीन आट्यांवर बघू नका, जितकी लांबी मिळेल तितकी घ्या, कारण चुकीचं पान सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं आणि पुढं जाऊन फट दाखवतं. गेज नसेल तर व्हर्निअरनं दहा आट्यांची लांबी मोजा, एका कडेपासून अकराव्या कडेपर्यंत. इथं नवीन माणूस हमखास चुकतो, तो दहा कडा मोजतो आणि त्यात नऊच अंतरं असतात, त्यामुळं उत्तर एकानं चुकतं. दहा अंतरं १४.१ एमएम आली तर इंचाला १८, १५.९ आली तर १६, १२.७ आली तर २०, १०.६ आली तर २४, १९.५ आली तर १३. नेमकी १२.५ किंवा १५ आली तर एमएमचा. १२.७ आणि १२.५ मधे फरक फक्त ०.२ चा आहे म्हणून तिथं परत जाडी बघायची, दोन्ही मापं लागतात म्हणतो ती यासाठीच. आणि सगळ्यात साधी युक्ती म्हणजे ओळखीचा नवीन बोल्ट जुन्याच्या शेजारी आडवा धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवायचे, कंगव्यात कंगवा बसल्यासारखे पूर्ण लांबीत बसले तर एकच आटा. मला विचाराल तर याच्यावर माझा गेजपेक्षा जास्त विश्वास आहे.

अमेरिकन इंची आट्यात दोन घराणी, जाडा आणि बारीक. जाडा म्हणजे १/४ ला २०, ५/१६ ला १८, ३/८ ला १६, ७/१६ ला १४, १/२ ला १३. बारीक म्हणजे त्याच क्रमानं २८, २४, २४, २०, २०. यांना यूएनसी आणि यूएनएफ म्हणतात, १९४८ साली अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांनी मिळून ठरवलेले. जुन्या पार्टबुकात याच गोष्टी एनसी आणि एनएफ अशा लिहिलेल्या असतात आणि इथले म्हातारे दुकानदार जाड्याला यूएसएस आणि बारकाला एसएई म्हणतात, गोंधळू नका, आटा तोच. कुठं कुठला असतो याला साधारण नियम आहे, बिडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात जाडा, कारण तिथला धातू ठिसूळ किंवा मऊ, त्याला जाडे दात हवेत, आणि पोलाद पोलादाला जिथं आवळायचं तिथं बारीक. बऱ्याच स्टडांचं (बिनडोक्याचा, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) एक टोक जाडं आणि दुसरं बारीक असतं, जाडं टोक बिडात आणि बारकावर नट, तो स्टड उलटा लावू नका. मागच्या चाकाचे बोल्ट कब कॅडेट आणि व्हील हॉर्सवर मी ७/१६ ला २० असेच बघत आलोय.

चाकाचाच विषय निघाला म्हणून एक धोक्याची जोडी सांगतो. अर्ध्या इंचाचा बारीक आटा इंचाला २०, म्हणजे अंतर १.२७ एमएम, आणि १२ एमएमच्या बारीक बोल्टचं अंतर १.२५, जवळजवळ एकच. जाडीत मात्र ०.७ चा फरक. त्यामुळं १२ चा बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात शेवटपर्यंत जातो, कुठंच अडकत नाही, जरा ढिला लागतो इतकंच, आणि आटे एकमेकांना फक्त टोकाटोकानं धरतात. चाकावर असं बसलं तर आवळताना किंवा चालताना सरळ निसटतं. अडकणारा बोल्ट निदान सांगतो तरी की मी चुकीचा आहे, हा काहीच सांगत नाही. म्हणून बोल्ट गेला म्हणजे बरोबर असं कधीच धरू नका, नटात अर्धा घालून हलवून बघा, खडखड डुलला तर तो त्याचा नाही.

तसंच छोट्यात, नंबर १० चा बारीक आटा इंचाला ३२ आणि ५ एमएम यांचं. नंबर १० म्हणजे ४.८३ एमएम, अंतर ०.७९, आणि ५ चं अंतर ०.८. बॅटरीची पट्टी, चोकच्या वायरचा क्लॅम्प, गार्डचे पत्रे, अशा ठिकाणी हे सापडतात. १/४ पेक्षा बारीक अमेरिकन स्क्रूंना सुताऐवजी नंबर असतो आणि त्याचं गणित सोपं आहे, नंबराला ०.०१३ नं गुणा आणि ०.०६० मिळवा, इंचात जाडी येते. नंबर १० चं ०.१९० इंच येतं, करून बघा.

व्हिटवर्थबद्दल दोन शब्द, कारण कुणीतरी तुम्हाला सांगेल की तोही चालतो. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली मांडलेला आटा ५५ अंशाचा, अमेरिकन आणि एमएम दोन्ही ६० अंशाचे. १/४, ५/१६, ३/८ आणि ७/१६ ला इंचातल्या आट्यांची संख्या यूएनसीइतकीच आहे म्हणून ते एकमेकांत जातात, पण दातांचे उतार नीट टेकत नाहीत. अमेरिकन ट्रॅक्टरवर तुम्हाला तो लागणार नाही. ब्रिटिश छोटा ट्रॅक्टर कधी घेतलात तर मात्र पाने पण वेगळे लागतील, त्यांच्या पान्यावर डोक्याचं नाही तर बोल्टचं माप लिहिलेलं असतं.

पाइपचे आटे हा वेगळाच विषय, तेलाचे प्लग, ग्रीसचे निपल इथं ते येतात. एनपीटी म्हणजे अमेरिकन पाइपचा आटा टोकाकडं निमुळता होत जातो आणि त्याचं नाव त्याच्या जाडीशी जुळत नाही, १/८ एनपीटी प्रत्यक्षात १०.३ एमएम असतो, इंचाला २७ आटे. प्लग थोडे फेरे जाऊन घट्ट व्हायला लागला तर तो अडकला नाहीये, तो तसाच बसतो, तिथं जबरदस्तीनं शेवटपर्यंत नेऊ नका, बीड तडकतं. छोटे ग्रीस निपल बहुतेक १/४ ला २८. आणि बहुतेक इंची पेट्रोल इंजिनांत एक एमएम लपलेला असतो बरं का, स्पार्क प्लग, तो सहसा १४ एमएमचा, १.२५ अंतराचा, तुमच्या कोहलरला सुद्धा. तिथं इंची टॅप घालू नका.

बोल्ट हरवलाय आणि नुसतं भोकच आहे, असं तुमच्याकडं बऱ्याच ठिकाणी असणार. भोक ब्रेक क्लीनरनं धुवा, टॉर्च मारून बघा. करड्या बिडात आत चकचकीत पोलादी स्प्रिंगसारखं दिसलं तर कुणीतरी आधीच हेलिकॉइल (खराब आट्याच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) बसवलंय. मग व्हर्निअरच्या वरच्या चोचींनी भोकाचा आतला व्यास मोजा. बोल्टच्या जाडीतून एका आट्याचं अंतर वजा केलं की साधारण तो व्यास येतो, म्हणजे ३/८ ला १६ असेल तर ९.५ वजा १.६, आठच्या जरासं खाली. ५/१६ ला १८ असेल तर ६.५ च्या आसपास. त्यानंतर मऊ लाकडाची काडी, इथं जेवायच्या चॉपस्टिक मिळतात ती चालते, भोकाच्या भिंतीला दाबून सरळ बाहेर काढा, तिच्यावर आट्यांचे ठसे उमटतात, ते गेजनं मोजा. मेणबत्तीचं मेण पण चालतं पण ते भोकात राहतं. एवढं झालं की त्या मापाचा नवीन बोल्ट फक्त बोटांनी फिरवून बघा. पाना अजिबात नको. बोटांनी पाच-सहा फेरे गेला आणि डुलत नसला तर सापडला.

हे सगळं करताना एक भोक झालं की त्याचा बोल्ट त्याच भोकात दोन फेरे घालून ठेवा, किंवा पिशवीत घालून वर मार्करनं लिहा, डावा फेंडर पुढचा असं. पार्टबुक मिळालं तर त्यात बोल्टची मापं दिलेली असतात, पण पार्टबुक कारखान्यातून निघालेल्या ट्रॅक्टरचं आहे, मधल्या मालकांनी काय केलं ते त्यात नाही. ५/१६ खराब झालं म्हणून ३/८ चं करून टाकलेली भोकं मला कितीतरी सापडलीत. म्हणून पुस्तक बघा पण भोकाचं ऐका.

आता तुमच्या त्या भोकाचं. ८ चा बोल्ट निघाला की टॉर्चनं वरचे दोन-तीन आटे बघा. हातानंच फिरवला असेल तर बहुतेक फक्त चेपले असतील. त्यात कापणारा टॅप घालू नका, तो उरलेला धातू पण काढतो. आटा साफ करायचा चेसर मिळतो तो ५/१६ ला १८ चा घ्या, किंवा ग्रेड ५ चा नवीन ५/१६ चा बोल्ट घेऊन त्याला लांबीत दोन-तीन चिरा पाडा, कडांवरचे धारदार कंगोरे काढा आणि तेल लावून तोच चेसर म्हणून वापरा, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. सुरुवातीला तो सरळ धरला गेला पाहिजे, वाकडा लागला तर नवीनच आटा पाडेल. वरचे आटे अगदीच गेले असतील आणि भोक खोल असेल तर पाव इंच लांब बोल्ट खालच्या चांगल्या आट्यांत धरतो, पण आधी तार घालून खोली मोजा, बोल्ट तळाला टेकला तर डोकं आवळल्यासारखं वाटतं आणि भाग ढिलाच राहतो. तेही जमलं नाही तर ५/१६ चंच हेलिकॉइल बसवा, म्हणजे मूळ माप कायम राहील. ३/८ चं करू नका.

आणि ते भोक नेमकं कशावर आहे ते कळवा, इंजिनच्या पत्र्याचं आहे की मागच्या गिअरच्या पेटीचं. पेटीचं असलं आणि आरपार आत तेलात उघडत असलं तर साफ करतानाचा चुरा आत पडेल, आधी तेल काढावं लागेल, आणि बोल्ट लावताना आट्याला सीलंट लागेल.